दाराबाहेर बसलेली माणसं

“हिचे आईवडील कुठे असतात?” बाबांनी विचारलं.

टीव्हीवर नेटफ्लिक्सची ‘चीअर’ चालू होती. हवेत फेकलेली एक मुलगी गिरक्या घेत खाली आली, झेलणाऱ्यांचे हात थोडे चुकले आणि ती पाठीवर आपटली. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून मी पुण्याहून ठाण्याला येऊन घरूनच काम करत होते. संध्याकाळचा कॉल संपला की आम्ही दोघं सोफ्यावर बसून काहीतरी बघायचो. बातम्यांना कंटाळलो होतो, म्हणून मी ही मालिका लावली. २०२०च्या जानेवारीत ती आली तेव्हा हिंजवडीतल्या पीजीत मी ती दोन रात्रींत संपवली होती. तेव्हा मला फक्त मॅटवरची मुलं दिसली होती. बाबांनी अर्ध्या तासात जो प्रश्न विचारला, तो मला तेव्हा पडलाच नव्हता.

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

आपल्याकडे चीअरलीडर म्हटलं की २००८ची पहिली आयपीएल आठवते. चौकार-षटकारांना नाचणाऱ्या परदेशी मुली, आणि त्यांच्या कपड्यांवरून महाराष्ट्रात झालेला गदारोळ. ‘चीअर’मधला प्रकार वेगळा आहे. इथे दुसऱ्या कुणाच्या खेळासाठी कुणी नाचत नाही, हाच खेळ असतो. टेक्सासमधल्या कॉर्सिकाना या छोट्या गावातलं नवारो कॉलेज, चाळीस जणांचा संघ, त्यातले मॅटवर उतरणारे वीस. वर्षभराचा सराव एप्रिलमध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीचवर होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी, आणि रुटीन असतं सव्वादोन मिनिटांचं. खाली बेस, मागे बॅकस्पॉट, वर फ्लायर. ठाण्यात वाढलेल्या माणसाला थर म्हणजे काय ते समजवायला लागत नाही. फरक इतकाच की इथे वरची मुलगी नुसती चढत नाही. तिला फेकतात, ती हवेत वळते आणि तिला झेलतात. निदान तसं ठरलेलं असतं.

ग्रेग व्हाइटली हा या मालिकेचा कर्ता. त्याआधी त्याने कॉलेज फुटबॉलवरची ‘लास्ट चान्स यू’ केली होती. ‘चीअर’ला एमी मिळाली, आणि ती मिळायलाच हवी होती. मुलांच्या अंगावरचे वळ, बर्फाच्या पिशव्या, पडल्यावर पुन्हा ‘पहिल्यापासून’ म्हणणारा आवाज, हे सगळं तो इतक्या जवळून दाखवतो की बघताना आपले खांदे दुखायला लागतात. मी शाळेत सात वर्षं जिम्नॅस्टिक्स केलं आहे. मला ते खांदे ओळखीचे वाटले.

पण पालक? बाबांच्या प्रश्नानंतर मी पहिला सीझन पुन्हा नीट बघितला. त्यात पालकांसाठी साधारण दोन खोके आहेत. पहिला, सोडून गेलेल्यांचा. मॉर्गन सिमियानर आणि तिचा भाऊ यांना एका ट्रेलरमध्ये त्यांच्या हवाली सोडून दिलेलं, पुढे आजीआजोबांनी वाढवलेलं. दुसरा, फार घट्ट धरून ठेवणाऱ्यांचा. गॅबी बटलर किशोरवयापासून यूट्यूबमुळे प्रसिद्ध, तिचे आईवडील तिच्या नावाचा व्यवसाय सांभाळतात. ती दमलेली असताना तिच्याशी कामाचं बोलतात. बघणाऱ्याला त्यांचा राग यावा, अशीच ती दृश्यं जोडलेली आहेत. आणि मला तो आला.

या दोन खोक्यांच्या मधली जागा मालिका प्रशिक्षक मोनिका अल्डामाला देते. ज्यांना आईबाप नाहीत त्यांची ती आई, आणि ज्यांना जरा जास्तच आहेत त्यांचा ती आसरा. मॉर्गन तिच्यासाठी काहीही करायला तयार असते. फासळ्या दुखत असतानाही ती सरावाला परतते. आता हेच एखाद्या आईने करवून घेतलं असतं, तर मालिकेचा सूर काय असता? गॅबीच्या आईबापांनी फोनवर दोन वाक्यं बोलली की आपण भुवया उंचावतो. मोनिका दुखावलेल्या मुलीला पुन्हा मॅटवर उभं करते तेव्हा त्याला निष्ठा म्हणतो. मोनिका वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. ती मुलांना नापास होऊ देत नाही, त्यांच्यासाठी धावते, हे दिसतं. पण एकाच वागण्याला दोन मापं लावलेली आहेत, आणि ती संकलनाच्या टेबलावर लावलेली आहेत.

या दोन खोक्यांत न बसणारे पालक मालिकेत जवळजवळ नाहीत. आणि हा खेळ तर त्यांच्या पैशांवर उभा आहे. अमेरिकेत मुलं कॉलेजात जाऊन चीअर शिकत नाहीत. चार-पाच वर्षांची असताना खासगी जिममध्ये जातात. त्याला ‘ऑलस्टार’ म्हणतात, आणि त्यात कौशल्याप्रमाणे एक ते सात लेव्हल असतात. फी, गणवेश, रुटीन बसवून देणाऱ्याचे पैसे, दुसऱ्या राज्यांतल्या स्पर्धा, विमान, हॉटेल. वर्षाला हजारो डॉलर जातात. यातल्या बऱ्याच स्पर्धा आणि गणवेशाचा धंदा व्हार्सिटी या एका कंपनीच्या हातात. ‘स्टे टू प्ले’ नावाचा नियम असा, की संघाने आयोजकांच्या यादीतल्याच हॉटेलात उतरायचं, नाहीतर स्पर्धेत खेळता येत नाही. या मक्तेदारीविरुद्ध खटले झाले, आणि पालकांच्या बाजूने चाललेला एक खटला २०२४मध्ये ८ कोटी २५ लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला. नवारोच्या मॅटवर उभं असलेलं बहुतेक प्रत्येक पोर म्हणजे कुणाचीतरी दहा-बारा वर्षांची नोकरी, गाडी चालवणं आणि वाट बघणं. आणि ही मालिका आली तेव्हा या खेळात पुढे व्यावसायिक लीग नव्हती. डेटोना झालं की बहुतेकांसाठी संपलं. मग हे लोक इतकं का करतात? यापेक्षा चांगला प्रश्न या विषयात मला दिसत नाही. मालिका तो विचारत नाही.

याचं एक कारण जुनं आहे. ‘चीअरलीडरची आई’ ही अमेरिकेत आधीच तयार असलेली व्यक्तिरेखा आहे, आणि ती हास्यास्पद आहे. तिचा उगम शोधायचा तर ह्यूस्टनजवळच्या चॅनलव्ह्यू या गावात जावं लागतं. १९९१मध्ये तिथल्या वांडा हॉलोवे नावाच्या बाईंना अटक झाली. मुलीला शाळेच्या चीअर संघात जागा मिळावी म्हणून त्यांनी मुलीच्या प्रतिस्पर्धी मुलीच्या आईला मारण्याची सुपारी द्यायचा प्रयत्न केला, असा आरोप होता. हिशेब असा, की आई गेली की ती मुलगी खचेल आणि निवड चाचणीला येणारच नाही. ज्या नातेवाइकाशी त्या बोलल्या, तो पोलिसांकडे गेला. कुणी मेलं नाही.

१९९३मध्ये एचबीओने यावर चित्रपट काढला. मायकल रिची दिग्दर्शक, हॉली हंटर मुख्य भूमिकेत. चित्रपटाचं नावच वाक्याएवढं लांब आणि खवचट आहे, त्यात ‘कथित’ हा शब्दसुद्धा विनोदासाठी वापरलेला. तो फार हुशार आहे. त्याची खरी थट्टा गावाभोवती जमलेल्या टीव्हीवाल्यांची आणि कथेचे हक्क विकत घ्यायला धावणाऱ्यांची आहे. हॉली हंटरची वांडा घाबरवत नाही. ती नीटनेटकी, देवभीरू, केस जागच्या जागी असलेली गृहिणी आहे, आणि ती काय बोलतेय ते तिलाच पुरतं ऐकू येत नाही. हंटरला या कामाबद्दल एमी मिळाली. पण टीव्हीवाल्यांवरची टीका लोक विसरले आणि बाई लक्षात राहिली. तेव्हापासून मुलीच्या खेळात जरा जास्त लक्ष घालणाऱ्या प्रत्येक आईवर तिची सावली पडते.

ती सावली ठाण्यापर्यंत पोचलेली आहे. आमच्या हॉलमध्ये कुणी तो चित्रपट पाहिला नव्हता, तरी तशी आई आमच्याकडेही होती.

आमचा नियम साधा होता. पालकांनी दाराबाहेर बसायचं. बाहेर एक लोखंडी बाक होता, त्यावर आया, आजोबा, आणि सहानंतर बँकेतून परस्पर येणारे बाबा. आत आम्ही. स्प्लिट पूर्ण बसत नसेल तर सर पाठीवर भार देऊन बसवायचे. कधी एका पायावर स्वतः उभे राहायचे. आम्ही रडायचो, पण आवाज न करता, कारण आवाज केला की आणखी दोन मिनिटं. हे चुकीचं आहे असं मला वाटत नव्हतं. मला वाटायचं, जिम्नॅस्टिक्स म्हणजे हेच. घरी सांगण्यासारखं त्यात काही आहे, हेही डोक्यात आलं नाही.

एका मुलीच्या आईला ते कळलं. त्या एक दिवस दार उघडून आत आल्या आणि सरांना विचारलं, हे असं का करता? सर हसले. म्हणाले, तुमची मुलगी ऑलिंपिकला निघाली वाटतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं नाव ‘ऑलिंपिक काकू’ पडलं. बाकावरचे पालकसुद्धा तेच म्हणायचे. त्यांच्या मुलीला सगळ्यात मागच्या ओळीत उभं करायला लागले, आणि दोनेक महिन्यांत ती यायची बंद झाली. मीही ‘ऑलिंपिक काकू’ म्हणून हसलेली आहे. बारा वर्षांची होते, पण हसले होते.

‘चीअर’ पुन्हा बघताना मला हे नाव आठवलं, आणि मग त्या व्यक्तिरेखेचा उपयोग नेमका कुणाला होतो ते कळलं. वेडी आई ही सगळ्यांना सोयीची असते. ती असली की प्रश्न विचारणाऱ्या कुठल्याही आईला तिच्या शेजारी बसवता येतं. मग प्रश्नाचं उत्तर द्यावं लागत नाही.

एक कादंबरी या बाकावर खरोखर जाऊन बसते. मेगन अ‍ॅबटची ‘यू विल नो मी’, २०१६. अ‍ॅबटने त्याआधी २०१२मध्ये चीअरलीडर मुलींवर ‘डेअर मी’ लिहिली होती, तिच्यात पालक जवळजवळ नाहीतच. या दुसऱ्या कादंबरीत खेळ जिम्नॅस्टिक्स आहे, पण कथा पालकांची. डेव्हन नॉक्स पंधरा वर्षांची, देशाच्या संघापर्यंत पोचू शकेल अशी. लहानपणी गवत कापायच्या यंत्रात तिच्या पायाची दोन बोटं गेलेली. आई केटी, वडील एरिक, आणि जिममधल्या पालकांची समिती. ते निधी गोळा करतात, सुरक्षित उतरण्यासाठी फोमचा खड्डा बांधून घ्यायचा म्हणून खटपट करतात. मग जिमच्या वर्तुळातला एक तरुण मरतो. पुढचं सांगत नाही, वाचा. पण त्या मृत्यूनंतर पालकांना पडणारी पहिली काळजी सरावाचं वेळापत्रक बिघडेल ही असते, आणि अ‍ॅबट ते इतक्या सहज लिहिते की पान उलटल्यावर आपल्याला धक्का बसतो.

अ‍ॅबटला एक गोष्ट नेमकी कळली आहे. पालक गप्प का राहतात? त्यांना मुलीची पर्वा नसते असं मुळीच नाही. इतकी वर्षं, इतके पैसे आणि एक सबंध घर या एका गोष्टीभोवती रचलेलं असतं. प्रश्न विचारला तर घराचीच वीट निघेल. केटी वाईट आई नाही. ती दमलेली आहे आणि तिला फार दूर आल्यावर परतीचा रस्ता दिसत नाही. कादंबरीचा रहस्याचा भाग मला शेवटी जरा घट्ट बांधलेला वाटला, पण बाकावरच्या माणसांची कुजबुज इतकी खरी मी दुसरीकडे वाचलेली नाही.

आता दुसरा सीझन. जेरी हॅरिस हा पहिल्या सीझनचा सगळ्यात लाडका मुलगा. मॅटच्या कडेला उभा राहून सगळ्यांसाठी ओरडणारा, हसरा. तो सोळा वर्षांचा असताना त्याची आई फुप्फुसाच्या कर्करोगाने गेली, आणि त्याच्या जिममधल्या इतर मुलांच्या आयांनी त्याला आधार दिला. पहिल्या सीझनमध्ये साधे, चांगले, कष्ट घेणारे पालक दिसतात ते इथेच, जेरीच्या गोष्टीच्या कडेला. सप्टेंबर २०२०मध्ये त्याला अटक झाली. आरोप अल्पवयीन मुलांच्या लैंगिक शोषणाशी संबंधित होते. फेब्रुवारी २०२२मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि त्या जुलैत त्याला १२ वर्षांची शिक्षा झाली.

दुसरा सीझन जानेवारी २०२२मध्ये आला, आणि त्याचा पाचवा भाग याच प्रकरणावर आहे. त्यात तक्रार करणारे जुळे भाऊ स्वतः बोलतात, आणि त्यांची आई बोलते. मुलांबरोबर काय झालंय ते कळल्यावर तिने आधी खेळातल्या संस्थांना कळवलं, मग पोलिसांना, एफबीआयला. एवढंच तिचं कृत्य. ती ओरडत नाही. कॅमेऱ्यासमोर बसून घटना ज्या क्रमाने झाल्या त्या क्रमाने सांगते. दोन्ही सीझन मिळून पंधरा भाग आहेत, त्यात एका पालकाच्या बाजूने सगळी गोष्ट दिसते ती इथे. माझ्या मते हाच या मालिकेचा सगळ्यात चांगला भाग आहे, आणि त्यात एकही पिरॅमिड नसता तरी चाललं असतं.

त्या भागात मला सगळ्यात जास्त टोचलं ते असं. ज्या संघांच्या जगात एका पोरक्या मुलाला इतक्या आयांनी आपलं म्हटलं, त्याच जगात दुसऱ्या एका आईला आपल्या मुलांसाठी एकटं दार ठोठवावं लागलं. दोन्ही गोष्टी एकाच प्रेमातून आल्या होत्या. पहिलीने सगळ्यांना बरं वाटलं, दुसरीने सगळे अडचणीत आले. मालिकेने हे दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून बघायला हवं होतं. तसं होत नाही. पुढच्या भागांत ती पुन्हा स्पर्धेकडे वळते. नवारोशी जुनं वैर असलेलं ट्रिनिटी व्हॅली कॉलेज, डेटोनाची उलटी मोजणी, २०२१मध्ये ट्रिनिटीचा विजय. ते दाखवायला हवंच, पण त्या आईने सांगितलेलं ऐकून झाल्यावर मला आता मॅटपेक्षा मॅटच्या कडेचे लोक बघायचे होते.

यावर ‘मग पालकांना आत बसू द्या’ असं सोपं उत्तर देता येईल. पुरत नाही. अमेरिकन जिम्नॅस्टिक्समधल्या लॅरी नासर प्रकरणात काही मुलींचे पालक त्याच खोलीत बसलेले असताना त्या डॉक्टरने अत्याचार केले. आत बसणं आणि दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिसण्यासाठी आधी असं वाटावं लागतं की आपल्याला विचारायचा हक्क आहे. आणि तोच हक्क हसून काढून घेतला जातो. गॅबीचे आईबाप तिच्यावर भार टाकतात, हे खरं असेल. पण त्यांना बघून आपण जे हसतो किंवा चिडतो, त्याचा हिशेब पुढे कुठल्यातरी दुसऱ्याच आईला चुकवावा लागतो.

पाचवा भाग संपला तेव्हा बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मीच विचारलं, “तुम्ही दोन-दोन तास बाहेर बसून करायचात काय?”

मला कायम वाटायचं, ते पेपर वाचायचे. मी बाहेर आले की त्यांच्या हातात घडी घातलेला पेपर असायचा. दहावीत क्लाससाठी जिम सोडायला लागलं, तेव्हा मी आईला म्हणाले होते, बाबांना काय फरक पडतो, त्यांनी कधी बघितलंच नाही.

“ऐकायचो,” बाबा म्हणाले. “तुमचा तो उडी मारायचा बोर्ड वाजायचा ना. प्रत्येकीचा वेगळा वाजतो. तुझं शेवटचं पाऊल जरा उशिरा पडायचं. मग गादीचा आवाज. तो नीट आला की पुढची ओळ वाचायचो.”

मग मी त्यांना स्प्लिटचं सांगितलं. पाठीवरचा भार, आवाज न करता रडणं, जादा दोन मिनिटं. सोळा वर्षांनी. ते ऐकताना त्यांनी ऑपरेशन झालेला पाय उगाच सरळ केला.

“हे तर ऐकू येत नव्हतं,” ते म्हणाले. थोड्या वेळाने, “सर म्हणायचे पालकांनी आत यायचं नाही. मला वाटलं, शिस्त असेल. विचारायला हवं होतं.”

मी म्हटलं, एका बाईंनी विचारलं होतं.

“हो, आठवतं,” बाबा म्हणाले. “निळी पर्स असायची त्यांची. बाकाच्या टोकाला बसायच्या. नाव काय होतं गं त्यांचं?”

मला आठवलं नाही. त्यांनाही नाही. आम्हाला दोघांना फक्त ‘ऑलिंपिक काकू’ आठवत होतं.